दीड पानाच्या टिपणावर कोटेशन कसं द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन डेव्हलपरांची छोटी टीम. यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीने दीड पानाचं टिपण पाठवलंय: तक्रारी नोंदवायला वेब सिस्टिम, तंत्रज्ञांसाठी मोबाइल अ‍ॅप, बिलं, काही रिपोर्ट आणि शेवटी ‘जुनी माहिती नव्या सिस्टिममध्ये आणणे’. दोन दिवसांत कोटेशन हवंय, तेही एकच ठाम रक्कम. तुम्ही आजवर मनाशी दिवस धरून त्याची दुप्पट करत आलात, तरी मागच्या दोन कामांत पदरचे पैसे गेले. म्हणून विचारताय की कितीने गुणायचं, आणि एखादं खात्रीचं सूत्र आहे का.

सूत्रं आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं की अडचण गुणकाची नाही. दुप्पट करूनही तोटा होतो, तेव्हा बहुतेक वेळा ज्या यादीला गुणलं त्या यादीतच बरंचसं काम नसतं. मी कित्येक वर्षं कोटेशनं करतोय आणि इतरांची तपासतोय. संपलेल्या प्रोजेक्टचा हिशेब उघडला की ‘हा स्क्रीन चार दिवसांचा धरला होता, त्याला सात लागले’ एवढ्यानेच काम बुडालं, असं क्वचित दिसतं. दिसतं ते असं की आठवडेच्या आठवडे अशा कामांवर गेले, ज्यांचा कोटेशनमध्ये उल्लेखच नव्हता. शून्याला दोनाने गुणा नाही तर पाचाने, उत्तर शून्यच येतं. त्यामुळे तुमच्याकडचे दोन दिवस गुणक शोधण्यात घालवू नका, यादीतली गाळलेली कामं शोधण्यात घालवा.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगतो. या प्रकारचं काम तुम्ही पूर्वी केलंय का, टीम किती काळ एकत्र आहे, क्लायंटकडे निर्णय घेणारा माणूस एक आहे की समिती, आणि काम चालू असताना त्यांची कामाची पद्धतच बदलणार आहे का. या चार गोष्टींमुळे तेच काम दुपटीने महाग होऊ शकतं आणि यातली एकही त्या दीड पानात लिहिलेली नसते. त्यातही तिसरी सगळ्यात खर्चिक. निर्णय घेणारा एकच माणूस असेल आणि तो फोन उचलत असेल, तर शंका त्याच दिवशी सुटते. समिती असेल तर एकेका शंकेला आठवडा जातो, तोवर तुमची माणसं दुसऱ्या भागाला हात घालतात, मग परत येऊन पुन्हा संदर्भ जुळवत बसतात. हा खर्च कुठल्याच स्क्रीनच्या नावावर पडत नाही, पण होतो नक्की. म्हणून क्लायंटला माझा पहिला प्रश्न तंत्राबद्दल नसतो. ‘हे काम बरोबर झालंय असं म्हणून सही कोण करणार?’ हा असतो.

आता टिपणातलं शेवटचं वाक्य घेऊ. जुनी माहिती आणणे. ती एक्सेलमध्ये आहे असं क्लायंटने सांगितलं आणि तुम्ही त्याला तीन दिवस धरलेत. स्क्रिप्ट, म्हणजे माहिती हलवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला तीन दिवस पुरतीलही. पण आधी ती फाइल मागवा आणि उघडून बघा. अशा फायलींत काय असतं ते मी पाहिलंय. एकाच ग्राहकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, एकदा पूर्ण, एकदा आद्याक्षरांत, एकदा शेवटी मोकळी जागा सोडून. तारखांच्या रकान्यात काही तारखा दिवस-महिना अशा, काही महिना-दिवस अशा, आणि मध्येच कुठेतरी ‘पुढच्या आठवड्यात’ हे शब्द. फोनच्या एका चौकटीत दोन नंबर, मध्ये तिरकी रेघ. यंत्राचा अनुक्रमांक शून्यापासून सुरू होत असेल, तर एक्सेलने त्याला संख्या समजून सुरुवातीची शून्यं खाल्लेली. रद्द झालेल्या तक्रारी लाल रंगवलेल्या. म्हणजे ‘रद्द’ ही माहिती अक्षरांत कुठेच नाही, फक्त रंगात आहे, आणि फाइल सीएसव्ही, म्हणजे रंग-रूप नसलेली नुसत्या अक्षरांची, केली की तीही गेली.

यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक निर्णय आहे, आणि तो तुम्ही परस्पर घेऊ शकत नाही. ही तीन नावं एकाच ग्राहकाची की तीन वेगळ्या शाखांची, हे त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या माणसालाच माहीत असतं. त्याला वेळ कधी मिळणार? मग एक रंगीत तालीम घ्यावी लागते. सगळी माहिती चाचणीच्या सिस्टिममध्ये भरायची, जुने आणि नवे आकडे ताडून बघायचे. जुळत नाहीत, म्हणून कारण शोधायचं. ते होईपर्यंत क्लायंटची माणसं जुन्या फाइलमध्ये नव्या नोंदी करतच असतात, म्हणून कुठल्या दिवशी कुठल्या वेळी जुनी फाइल बंद होणार ते ठरवायचं, आणि त्या दिवशी काही बिघडलं तर मागे कसं जायचं याचीही तयारी ठेवायची. तुमच्या तीन दिवसांचे बारा-पंधरा व्हायला एवढं पुरतं. कोड मात्र तेवढाच राहतो.

दुसरं एक वाक्य तुम्ही उतरवून दिलंय: ‘तंत्रज्ञ जागेवरून फोटो टाकून काम बंद करेल.’ वाचायला साधं आहे. पण जागेवर नेटवर्क असेल का? यंत्रं तळघरात असतात, कारखान्याच्या शेडमध्ये असतात. नेटवर्क नसतानाही अ‍ॅप चालायला हवं असेल, तर नोंद फोनमध्ये साठवणं, नेटवर्क आल्यावर पाठवणं, अर्धवट गेलेला फोटो पुन्हा पाठवणं, ऑफिसातल्या माणसाने तीच तक्रार मधल्या काळात दुसऱ्याला दिली असेल तर कोणाची नोंद खरी मानायची हे ठरवणं, आणि ‘काम बंद झाल्याची वेळ’ फोनच्या घड्याळाची धरायची की सर्व्हरच्या, हे सगळं आलं. आणि ते मागाहून चिकटवता येत नाही. अ‍ॅपची मांडणीच वेगळी करावी लागते. एका ‘हो’ किंवा ‘नाही’वर अ‍ॅपचा खर्च जवळपास दुपटीने हलतो, आणि ते ‘हो’ की ‘नाही’ हे विचारायला एक फोन पुरतो. कोटेशनआधी असे प्रश्न शोधा: ज्यांचं उत्तर क्लायंटला लगेच देता येतं आणि ज्याने मोठा आकडा हलतो. बाकीचे बारीकसारीक प्रश्न नंतर विचारले तरी चालतात.

गाळलेलं काम शोधायला मी एक जुनी चाळणी वापरतो. आयबीएममधल्या अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये फंक्शन पॉइंटची पद्धत मांडली. सॉफ्टवेअरचा आकार कोडच्या ओळींवरून न मोजता वापरणाऱ्याला त्यातून काय मिळतं त्यावरून मोजायचा, ही त्यामागची कल्पना. त्यात पाच प्रकार मोजतात: आत येणारी माहिती, बाहेर जाणारी माहिती, नुसती विचारणा, सिस्टिमने स्वतः सांभाळायच्या माहितीच्या चोपड्या, आणि दुसऱ्या सिस्टिमकडून वापरायची माहिती. तुमच्या आकाराच्या कामात मी ते पॉइंट मोजत बसत नाही. पण टिपणातल्या प्रत्येक नामाला, म्हणजे तक्रार, तंत्रज्ञ, यंत्र, बिल, सुटा भाग, या पाच प्रकारांतून एकदा फिरवतो. तंत्रज्ञ ही चोपडी असेल, तर तंत्रज्ञ जोडणं, बदलणं आणि काढणं हे स्क्रीन लागणारच. काढलेल्या तंत्रज्ञाच्या अपुऱ्या तक्रारींचं काय? बिल बाहेर जाणार असेल, तर ते छापायचं, ईमेलने पाठवायचं की अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये घालायचं? अशी तासभर चाळणी केली की दीड पानातून चार पानांची यादी निघते. नुसती यादी पाहूनच तुमचा आधीचा आकडा तुम्हाला कमी वाटायला लागेल.

यादीत आणखी एक भाग हवा, जो कुठल्याच नामातून निघत नाही. बैठका, क्लायंटला दाखवणं आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या, टेस्टिंग, सर्व्हर उभा करणं, बॅकअप, अ‍ॅप स्टोअरची मंजुरी, वापरणाऱ्यांना शिकवणं, सिस्टिम सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातले बग. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावरून १९७५ मध्ये त्यांनी वेळेची अशी विभागणी सांगितली: एक तृतीयांश आखणी, एक षष्ठांश प्रत्यक्ष कोड, एक चतुर्थांश सुट्या भागांची चाचणी आणि एक चतुर्थांश सगळं जोडून केलेली चाचणी. आज साधनं खूप बदलली आहेत. माझ्या हिशेबांत कोडचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास येतो. तरीही डेव्हलपरला ‘किती दिवस लागतील’ विचारलं की तो मनात फक्त कोडचेच दिवस मोजतो. त्यात त्याची लबाडी नसते. त्याच्या डोळ्यांसमोर तेवढंच काम असतं.

याच्याच आधाराने हल्ली येणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर देता येतं. क्लायंट म्हणतो, आता एआय कोड लिहून देतं, मग खर्च निम्मा का नाही? कोडचा वाटा एक तृतीयांश धरला आणि तो खरोखर निम्मा झाला, तर एकूण खर्चातला एक षष्ठांश कमी होतो. वाचलेल्या वेळातला काही तो कोड वाचून तपासण्यात जातो. ते तीन नावांचे ग्राहक मात्र आधी होते तसेच राहतात.

तर यादी झाली. आता आकडे.

प्रत्येक कामाला एक आकडा देऊ नका, तीन द्या: सगळं सुरळीत गेलं तर, बहुधा जे होईल ते, आणि वाईट गेलं तर. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी १९५८ मध्ये पर्ट ही पद्धत तयार झाली, तिच्यातलं सूत्र आजही पुरतं. उत्तम आकडा, मधल्याची चौपट आणि वाईट आकडा यांची बेरीज करा, सहाने भागा. समजा नेटवर्कशिवाय चालणाऱ्या अ‍ॅपच्या त्या भागाला तुम्ही ६, १० आणि २६ मनुष्यदिवस (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मनुष्यदिवस) धरलेत. बेरीज ७२, भागिले ६, म्हणजे १२. तुमच्या मनातला आकडा १० होता. हा वरचा फरक येतो, कारण काम लवकर संपण्याला मर्यादा आहे आणि लांबण्याला नाही. सहा दिवसांचं काम शून्य दिवसांत कधीच होत नाही, पण तिसाव्या दिवशीही अपुरं राहिलेलं सगळ्यांनी पाहिलंय. यादीतल्या प्रत्येक कामाचा ‘बहुधा’वाला आकडा घेऊन नुसती बेरीज केली, तर ती नेहमी कमीच भरते. दुप्पट करण्याची सवय याच अनुभवातून आलेली असते. पण दुप्पट करताना तुम्ही लॉगिनच्या स्क्रीनलाही दोनाने गुणता आणि माहितीच्या स्थलांतरालाही दोनाने. लॉगिन तुम्ही अनेकदा केलेलं आहे, तिथे उगाच महाग होता. स्थलांतरात दुप्पट पुरत नाही. क्लायंट दुसऱ्या कोणाचं कोटेशन शेजारी ठेवतो तेव्हा महाग वाटणारा भाग दिसतो, आणि अपुरा भाग तुम्हाला नंतर दिसतो.

याच सूत्रासोबत एक फसगत येते, तिच्यापासून सावध राहा. पुस्तकी नियम सांगतो की वाईट आणि उत्तम आकड्यांतल्या फरकाला सहाने भागलं की त्या कामाचं विचलन, म्हणजे प्रत्यक्ष आकडा सरासरीच्या किती इकडेतिकडे जाऊ शकतो ते, मिळतं, आणि कामं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर विचलनांचे वर्ग मिळवून मूळ काढायचं. समजा १६ कामं आहेत, प्रत्येकाची सरासरी ६ दिवस, विचलन २. एकूण सरासरी ९६ आणि एकूण विचलन फक्त ८. म्हणजे आकडा भलताच पक्का वाटतो. पण तुमची १६ कामं स्वतंत्र नसतात. तीच टीम, तोच क्लायंट, तेच नवीन फ्रेमवर्क (ज्याच्यावर कोड उभारायचा तो तयार सांगाडा). एका कामाला उशीर ज्या कारणाने झाला, त्याच कारणाने उरलेल्यांनाही होतो. सगळीच कामं एकत्र एकाच दिशेने सरकली तर ते विचलन ८ ऐवजी ३२ होतं. खरी स्थिती या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते. क्लायंट आणि तंत्र दोन्ही ओळखीचे असतील तर मी खालच्या टोकाकडे झुकतो. दोन्हींपैकी एक जरी नवं असलं तरी वरच्या टोकाकडे. तुमच्या बाबतीत क्लायंट नवा आहे.

आणि ‘वाईट गेलं तर’ हा आकडा माणसं पुरेसा वाईट धरत नाहीत, हे ध्यानात ठेवा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांच्या आसपास आला. सगळं शक्य तितकं वाईट झालं तर किती, असं विचारल्यावर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. म्हणजे त्यांच्या सगळ्यात वाईट कल्पनेपेक्षाही प्रत्यक्ष सरासरी पुढे होती. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये याच प्रवृत्तीवर लिहिलं होतं. समोरच्या कामाच्या तपशिलात शिरून अंदाज केला की तो आशावादी होतो. तसलीच जुनी कामं किती वेळात झाली हे बाहेरून पाहिलं की तो जमिनीवर येतो.

म्हणून तुमच्या मागच्या त्या दोन तोट्यातल्या कामांचे कागद काढा. तुमच्याकडे यापेक्षा मोलाचं काहीही नाही. मूळ अंदाज किती होता, प्रत्यक्ष किती दिवस गेले आणि जास्तीचे दिवस कशावर गेले, एवढं शेजारी शेजारी लिहा. टाइमशीट नसेल तर कोडच्या कमिटांच्या (केलेला बदल जतन केल्याच्या नोंदींच्या) तारखा आणि ईमेल पाहून साधारण हिशेब लागतो. गुणक घ्यायचाच तर या कागदांतून घ्या. तुमच्या टीमचं गुणोत्तर तुमच्या टीमचंच असतं. माझं सांगून उपयोग नाही, आणि नेटवर कोणी १.५ किंवा ३ सांगितलं तर तेही तुमच्या कामाचं नाही. इथून पुढे प्रत्येक कामाला हा एक कागद ठेवलात, तर पाच-सहा प्रोजेक्टांनंतर तुमचे अंदाज आपोआप सुधारलेले दिसतील.

आकडे काढताना तिघांनी वेगवेगळे काढा. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडलेला प्लॅनिंग पोकर याच तत्त्वावर चालतो: सगळ्यांनी एकाच वेळी पत्ता उघडायचा, म्हणजे पहिल्याने बोललेल्या आकड्याला बाकीचे चिकटत नाहीत. दोघांनी ५ म्हटलं आणि तिसऱ्याने २०, तर सरासरी काढू नका. तिसऱ्याला विचारा. त्याला एखादी गोष्ट दिसलीय, जी बाकीच्या दोघांना दिसलेली नाही. याच कारणासाठी क्लायंटने बोलता बोलता सांगितलेलं बजेट तिघांचे आकडे निघेपर्यंत टीमच्या कानावर घालू नका. एकदा ऐकलेला आकडा डोक्यातून जात नाही. सगळे अंदाज त्याच्याच आसपास फिरायला लागतात, आणि माणसाला ते जाणवतही नाही.

इथवरचं थोडक्यात: फाइल मागवा, मोठा आकडा हलवणारे प्रश्न विचारा, यादी वाढवा, तीन आकडे काढा, जुन्या कामांच्या गुणोत्तराशी ताडून बघा. यातून तुम्हाला एक पल्ला मिळेल, समजा १६० ते २६० मनुष्यदिवस. हा पल्ला पाहून संकोच वाटू देऊ नका. सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्या बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये दाखवलं होतं की कल्पनेच्या पातळीवर केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या पाव पटीपासून चौपटीपर्यंत कुठेही असू शकतो. गरजा नीट लिहून झाल्या की तोच पल्ला साधारण दोन तृतीयांश ते दीडपट इतका आवळतो. पण नुसते दिवस गेल्याने तो आपोआप आवळत नाही, निर्णय झाले की आवळतो. तीन महिने गेले आणि नेटवर्कशिवायच्या अ‍ॅपचा निर्णय झाला नसेल, तर पल्ला पहिल्या दिवशी होता तेवढाच रुंद आहे.

बोहेम यांच्याच कोकोमो या, कोडच्या ओळींवरून मेहनतीचा अंदाज काढणाऱ्या, मॉडेलबद्दल तुम्ही विचारलंय. त्याच्या मूळ सूत्रात साध्या प्रकारच्या कामासाठी कोडच्या हजार ओळींचा १.०५ वा घात घेऊन २.४ ने गुणायचं असतं, उत्तर मनुष्यमहिन्यांत येतं. गणित बरोबर आहे, पण किती हजार ओळी लागतील हे तुम्हाला आज माहीत नाही. तो अंदाज तुम्ही मनानेच करणार, आणि मग तीन दशांश स्थळांपर्यंतचं उत्तर बघून त्यावर विश्वास बसणार. तुमच्या कामाला मी ते वापरणार नाही.

दिवसांवरून रकमेकडे जाताना एक ठिकाण हमखास चुकतं, ते पटकन सांगतो. वर्षाला ५२ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे २६० दिवस. पगाराला २६० ने भागून दर काढला तर घाटा ठरलेला. सुट्ट्या आणि रजा धरून ३५ दिवस वजा करा, उरले २२५. त्यातले साधारण ७० टक्के दिवस क्लायंटच्या नावावर लागतात. बाकीचे कोटेशनं करण्यात, शिकण्यात आणि दोन कामांमधल्या रिकाम्या आठवड्यांत जातात. म्हणजे हाती १५७ दिवस. एका माणसाचा वर्षाचा सगळा खर्च, पगार, यंत्र, जागा, विमा, सॉफ्टवेअरची भाडी, या १५७ ने भागा. नुसत्या या बदलाने दर दीडपटीहून जास्त होतो, आणि नफा त्यानंतर मिळवायचा. ७० टक्के हा माझा धरलेला आकडा आहे. तुमचा तुम्ही मोजा. छोट्या टीममध्ये तो याहून कमीच निघतो.

आता बोलणी. क्लायंट घासाघीस करणारच आणि त्यात गैर काही नाही. तुम्ही एकच रक्कम पाठवली असेल तर घासाघीस रकमेवर होते. तो म्हणतो दहा टक्के कमी करा, तुम्ही करता, काम तेवढंच राहतं. यादी आणि गृहीतकांसह रक्कम पाठवली असेल तर बोलणं कामावर येतं. ‘जुनी माहिती फक्त मागच्या एका वर्षाची आणू, त्याआधीची जुन्या फाइलमध्येच राहू दे’, असं म्हणता येतं, आणि तेवढे दिवस खरोखर कमी होतात. दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं. हे मी कधीच सोडत नाही.

कधीकधी क्लायंट म्हणतो, आणखी तीन माणसं घ्या आणि निम्म्या वेळात द्या. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, असं ब्रूक्स यांनी म्हटलं होतं, आणि त्यामागचं गणित सोपं आहे. तिघांमध्ये बोलण्याच्या ३ वाटा असतात, सहा जणांमध्ये १५. शिवाय नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. सुरुवातीलाच, नीट वेगळं करता येईल असं काम असेल तर माणसं वाढवता येतात, पण त्याचा खर्च चढतो, हे कोटेशनमध्ये लिहूनच द्या.

गृहीतकं कशी लिहायची याचा नमुना देतो, कारण बरेच जण ‘अटी लागू’ एवढंच लिहून मोकळे होतात. स्थलांतराच्या ओळीखाली मी असं लिहीन: ‘माहिती आम्ही दिलेल्या नमुन्यात, एकाच फाइलमध्ये ग्राहकाने द्यावी. दुबार नावं आणि अपुऱ्या नोंदी यांचा निर्णय ग्राहकाचा प्रतिनिधी पाच कामकाजाच्या दिवसांत देईल. दोन वेळा तालीम आणि एकदा प्रत्यक्ष स्थलांतर धरलं आहे. त्यापुढच्या प्रत्येक फेरीला ठरलेला दर लागू होईल.’ अ‍ॅपच्या ओळीखाली: ‘नेटवर्क नसताना नवी तक्रार नोंदवता येणार नाही, चालू तक्रार बंद करता येईल.’ शेवटी एक अट स्वीकृतीची: भाग तपासायला दिल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जाईल. ही अट नसल्यामुळे पूर्ण झालेल्या कामाचे शेवटचे पैसे महिनोन्‌महिने अडकलेले मी पाहिलेत. असं लिहिताना आपण अडवणूक करतोय असं वाटू देऊ नका. यातलं प्रत्येक वाक्य वाचून क्लायंटला काहीतरी आठवतं, आणि तो तेव्हाच सांगतो की ‘नाही, आम्हाला नवी तक्रारही नोंदवता यायला हवी’. कामाच्या मध्यावर ते समजण्यापेक्षा सहीआधी समजलेलं दोघांच्याही हिताचं असतं.

राहिला प्रश्न परवाचा. दीड पानावरून पूर्ण कामाची एकच ठाम रक्कम मी देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नये असं मला मनापासून वाटतं. परवा दोन गोष्टी पाठवा. एक, पूर्ण कामाचा पल्ला, खालचं आणि वरचं टोक, आणि कोणत्या चार-पाच प्रश्नांच्या उत्तरांनी आकडा कुठे सरकेल ते. दोन, दोन ते तीन आठवड्यांच्या पहिल्या टप्प्याची ठाम रक्कम. त्या टप्प्यात तुम्ही त्यांच्या माणसांबरोबर बसाल, खरी फाइल तपासाल, एका तंत्रज्ञासोबत कामाच्या जागी जाऊन त्याचं काम बघाल, आणि शेवटी लिहून काढलेल्या गरजा, स्क्रीनचे कच्चे नकाशे आणि उरलेल्या कामाचं पक्कं कोटेशन द्याल. या टप्प्याचे पैसे घ्या. फुकट केलात तर तो घाईत होतो, आणि तिकडून वेळही मिळत नाही. तयार झालेली कागदपत्रं क्लायंटच्या मालकीची राहतील आणि ती घेऊन तो दुसऱ्या कोणाकडेही जाऊ शकेल, हे स्पष्ट लिहा. बरेच क्लायंट तेवढ्यावर तयार होतात.

तरीही ते म्हणाले की नाही, एकच आकडा, आजच, तर वरच्या टोकाचा द्या, गृहीतकांसकट, कोटेशन ३० दिवसांपुरतं ग्राह्य असं लिहून. त्या आकड्याला काम मिळालं नाही तर मिळालं नाही. तिघांच्या टीमला एक तोट्याचं मोठं काम सहा महिने अडकवून ठेवतं, आणि त्या काळात दारात आलेलं चांगलं कामही परत पाठवावं लागतं.

ती एक्सेलची फाइल मिळाली की त्यातले ग्राहकाचा, तारखेचा आणि अनुक्रमांकाचा, एवढे तीनच रकाने चाळून बघा आणि काय दिसतं ते लिहा. खऱ्या नावांऐवजी दुसरं काही घालून चार-पाच ओळी इथे टाकल्यात तर स्थलांतराला किती दिवस धरावेत ते जास्त नेमकं सांगू शकेन.